बास्केटबॉलचा मोझार्ट : ड्राझेन पेट्रोविच

९ एप्रिल १९८३ ची रात्र. एड्रियाटिक समुद्राच्या काठावरील शिबेनिक या लहानशा शहरातील बाल्डेकिन क्रीडागृह खचाखच भरले होते. युगोस्लाव्हियाच्या बास्केटबॉल लीगचा निर्णायक सामना चालू होता. सारायेव्होचा बोस्ना संघ ८२-८१ असा एका गुणाने पुढे होता आणि घड्याळातील वेळ जवळपास संपली होती. अखेरच्या क्षणी पंचांनी फाउल दिला आणि शिबेन्का संघातील अठरा वर्षांचा कुरळ्या केसांचा एक मुलगा फ्री थ्रोच्या रेषेवर येऊन उभा राहिला. त्याने दोन्ही फेकी शांतपणे टोपलीत टाकल्या. शिबेनिक देशाचे विजेते ठरले आणि गावाने जल्लोष केला. मात्र दुसऱ्याच दिवशी महासंघाने पंचांच्या निर्णयातील दोषाकडे बोट दाखवून तो निकाल रद्द केला आणि नोवी साद येथे फेरसामना ठरवला. शिबेन्काने तेथे जाण्यास नकार दिला आणि विजेतेपद बोस्नाकडे गेले.

एका रात्रीपुरता विजेता ठरलेला तो मुलगा म्हणजे ड्राझेन पेट्रोविच. पुढच्या दहा वर्षांत त्याने युरोपातील जवळजवळ प्रत्येक मोठे विजेतेपद मिळवले आणि अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंकडे पाहण्याची अमेरिकेची दृष्टी बदलून टाकली. ७ जून १९९३ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो हे जग सोडून गेला.

ड्राझेनचा जन्म २२ ऑक्टोबर १९६४ चा, शिबेनिकमधलाच. वडील योव्हान हे हर्झेगोव्हिनातून आलेले सर्ब, पोलीस खात्यात नोकरीला; आई बिसेर्का क्रोएट, ग्रंथालयात काम करणारी. त्या काळच्या युगोस्लाव्हियात अशी मिश्र घरे सर्रास होती आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. थोरला भाऊ अलेक्सांदर बास्केटबॉल खेळत असे. धाकटा त्याचे बोट धरून मैदानावर गेला आणि मग मैदानाचाच होऊन राहिला. शाळा भरण्यापूर्वी, गाव झोपेत असताना, तो एकटाच क्रीडागृहात जाऊन शेकडो वेळा चेंडू फेकण्याचा सराव करी. उपजत उंची वा ताकद यांत त्याच्यापेक्षा सरस मुले पुष्कळ होती. त्यांना मागे टाकण्याचा त्याचा मार्ग एकच होता, न कंटाळता केलेली पुनरावृत्ती. पंधराव्या वर्षी तो शिबेन्काच्या मुख्य संघात आला आणि त्याच्या जोरावर या छोट्या शहराच्या संघाने १९८२ आणि १९८३ अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपातील कोराच चषकाची अंतिम फेरी गाठली. दोन्ही वेळा फ्रान्सच्या लिमोज संघाने त्यांना हरवले.

सक्तीची लष्करी सेवा आटोपून १९८४ मध्ये तो झाग्रेबच्या त्सिबोना संघात दाखल झाला. थोरला भाऊ तेथे आधीपासूनच होता. पहिल्याच हंगामात त्सिबोनाने देशातील लीग आणि चषक दोन्ही जिंकले. १९८५ मध्ये अथेन्स येथे रेआल माद्रिदचा ८७-७८ असा पराभव करून युरोपीय विजेतेपदही मिळवले. त्या सामन्यात ड्राझेनचे ३६ गुण होते. पुढच्या वर्षी बुडापेस्ट येथे झालेल्या अंतिम सामन्यात सोव्हिएत लिथुआनियाचा झालगिरिस संघ आणि त्याचा महाकाय खेळाडू अर्विदास साबोनिस समोर होते. तो सामनाही त्सिबोनाने ९४-८२ असा जिंकला. १९८७ मध्ये चषकविजेत्यांचा युरोपीय चषकही त्यांच्याकडे आला. ऑक्टोबर १९८५ मध्ये ल्युब्लियानाच्या ओलिंपिया संघाविरुद्ध त्याने एकट्याने ११२ गुण नोंदवले. त्या दिवशी समोर कुमार खेळाडूंचा संघ होता हे खरे, तरीही फ्री थ्रोच्या बावीसपैकी बावीस फेकी अचूक टाकायला प्रतिस्पर्धी कच्चा असून भागत नाही. त्यासाठी हात पक्का असावा लागतो. वृत्तपत्रे त्याला बास्केटबॉलचा मोझार्ट म्हणू लागली ती याच काळात.

मात्र त्याच्या खेळात केवळ माधुर्य नव्हते. तो प्रतिस्पर्ध्यांना डिवचत असे, गुण मिळवल्यावर हात उंचावून प्रेक्षकांकडे धावत असे. झाग्रेबमध्ये ज्या हावभावांवर टाळ्या पडत, त्याच हावभावांवर परक्या मैदानात शिट्या आणि शिव्या पडत. माद्रिदच्या प्रेक्षकांना तर तो डोळ्यांसमोर नकोसा झाला होता. आणि १९८८ मध्ये त्याच माद्रिदच्या रेआल संघाने त्याला करारबद्ध केले. मार्च १९८९ मध्ये अथेन्सच्या अंतिम सामन्यात इटलीच्या कासेर्ता संघाविरुद्ध, समोरून ब्राझीलचा ऑस्कर श्मिट ४४ गुण नोंदवत असताना, ड्राझेनने ६२ गुण केले आणि जादा वेळेत गेलेला सामना रेआलने ११७-११३ असा जिंकला.

युरोपात आता जिंकण्यासारखे फारसे उरले नव्हते. पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या अमेरिकी संघाने १९८६ मध्येच त्याची निवड केली होती, तीही साठाव्या क्रमांकावर, म्हणजे जवळजवळ विसरून जाण्याजोग्या जागी. रेआलशी असलेला दीर्घ करार एका हंगामानंतर मोडून १९८९ मध्ये तो पोर्टलंडला गेला. युरोपातून आलेले खेळाडू शरीराने मऊ आणि बचावात कच्चे असतात, असा तेव्हा अमेरिकेत समज होता. त्याच्या जागेवर क्लाइड ड्रेक्सलर आणि टेरी पोर्टर हे नामवंत खेळाडू खेळत होते. पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला प्रत्येक सामन्यात बाराच्या आसपास मिनिटे आली; दुसऱ्या वर्षी तीही घटून सातवर आली. संघ १९९० मध्ये अंतिम फेरीत पोहोचला, पण ज्याच्या हातून युरोपातील मोठमोठे संघ हरले होते, तो बहुतेक वेळ बाकावर बसून होता. पडती बाजू स्वीकारून माद्रिदला किंवा झाग्रेबला परतणे सोपे होते. तेथे त्याचे स्वागतच झाले असते. तो परतला नाही.

जानेवारी १९९१ मध्ये त्याची न्यू जर्सी नेट्स या दुबळ्या संघात अदलाबदल झाली. इथे त्याला हवे होते ते मिळाले, खेळण्यासाठी वेळ. त्याने शरीर कमावले, बचावावर मेहनत घेतली. १९९१-९२ च्या हंगामात तो सर्व ८२ सामने खेळला आणि सामन्यामागे २०.६ गुणांची सरासरी राखली. नेट्स संघ १९८६ नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचला. पुढच्या हंगामात ही सरासरी २२.३ वर गेली आणि तीन गुणांच्या शंभर फेकींपैकी सुमारे ४५ अचूक पडू लागल्या. १९९३ मध्ये त्या लीगच्या वर्षातील सर्वोत्तम पंधरा खेळाडूंत त्याची गणना झाली. बाकावरच्या दीड वर्षाचे उत्तर त्याने कोर्टवर दिले होते.

त्याच्या आयुष्यातील दुसरी कथा मात्र इतकी सुखद नाही. राष्ट्रीय संघात व्लादे दिवात्स हा सर्बियाचा उंच, हसतमुख खेळाडू त्याचा जिवलग मित्र होता. दौऱ्यांवर दोघे एकाच खोलीत राहात. १९८९ मध्ये दोघेही एकाच वेळी अमेरिकेत गेले, तेव्हा परक्या देशातला एकटेपणा ते फोनवर एकमेकांशी बोलून घालवत. युगोस्लाव्हियाने १९८९ मध्ये झाग्रेब येथे युरोपचे आणि १९९० मध्ये अर्जेंटिनात जगाचे विजेतेपद मिळवले, त्यात या दोघांचा मोठा वाटा होता. ब्वेनोस आयरेसच्या त्या विजयोत्सवात एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात शिरला. हा विजय साऱ्या युगोस्लाव्हियाचा आहे अशा भावनेने दिवात्सने तो झेंडा त्याच्याकडून काढून घेतला. इतर कोणत्याही वर्षी ही घटना दुसऱ्या दिवशी विसरली गेली असती. पण देश फुटण्याच्या उंबरठ्यावर होता. क्रोएशियात दिवात्स एका रात्रीत खलनायक ठरला आणि ड्राझेनने त्याच्याशी बोलणे तोडले. १९९१ मध्ये क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले, युद्ध पेटले आणि सप्टेंबरमध्ये खुद्द शिबेनिकवर हल्ला झाला. सर्ब वडिलांचा आणि क्रोएट आईचा हा मुलगा आता क्रोएशियाचा चेहरा बनला होता.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्या नवजात देशाचा संघ त्याच्या नेतृत्वाखाली उतरला. उपांत्य सामन्यात क्रोएशियाने माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाला ७५-७४ असे हरवले. अंतिम सामन्यात मायकेल जॉर्डन आणि मॅजिक जॉन्सन यांच्या अमेरिकी संघापुढे ११७-८५ असा पराभव अटळच होता, पण त्यातही ड्राझेनने २४ गुण मिळवले. एक वर्षाचेही वय नसलेल्या, युद्धाने पोळलेल्या देशासाठी ते रौप्यपदक सुवर्णाहून कमी नव्हते.

जून १९९३ मध्ये युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीसाठी संघ पोलंडमधील व्रोत्सवाफ येथे गेला होता. परतीच्या वाटेवर फ्रँकफर्टला संघातील इतरांनी झाग्रेबचे विमान धरले. ड्राझेनने मोटारीने जायचे ठरवले. ७ जूनच्या संध्याकाळी बव्हेरियात, डेन्केनडॉर्फजवळ, पावसाने निसरड्या झालेल्या महामार्गावर एक मालमोटार दुभाजक ओलांडून आडवी आली आणि मोटार तिच्यावर आदळली. ड्राझेन चालकाशेजारच्या आसनावर झोपलेला होता, सीटबेल्ट लावलेला नव्हता. तो जागीच गेला. महिन्याभरातच क्रोएशियाच्या संघाने म्युनिक येथे त्याच्याविना युरोपीय कांस्यपदक जिंकले.

नेट्सने त्याचा ३ क्रमांकाचा गणवेश कायमचा निवृत्त केला. २००२ मध्ये अमेरिकेतील बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव कोरले गेले. त्सिबोनाचे क्रीडागृह आज त्याच्या नावाने ओळखले जाते आणि लोझान येथे ऑलिंपिक संग्रहालयाच्या आवारात त्याचा पुतळा आहे. २००१ मध्ये विंबल्डन जिंकून स्प्लिटला परतलेल्या गोरान इवानिसेविचने आपल्या स्वागतासाठी जमलेल्या अफाट गर्दीसमोर जो सदरा अंगावर चढवला, तो ड्राझेनचा होता.

आणि दिवात्स? मित्राशी समेट करण्याची संधी त्याला मिळाली नाही. पुढे कितीतरी वर्षांनी एका माहितीपटाच्या निमित्ताने तो झाग्रेबला गेला. रस्त्यावरून चालताना लोक त्याच्याकडे रोखून पाहात होते. तो ड्राझेनच्या आईला भेटला, भावाला भेटला. मग मिरोगोय स्मशानभूमीत जाऊन त्याने दोघांचे एक जुने छायाचित्र मित्राच्या समाधीवर ठेवले. त्या छायाचित्रात दोघे तरुण आहेत आणि एकाच देशाकडून खेळत आहेत.