अक्षरांचे कारागीर : जावजी दादाजी

संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या फडताळात निर्णयसागरचे एकही पुस्तक नाही, असे एके काळी सहसा घडत नसे. मुंबईच्या काळबादेवीवरील कोलभाट गल्लीतून निघालेले हे ग्रंथ काशीच्या पाठशाळांपर्यंत जाऊन पोचत. बारीक पण ठसठशीत अक्षर, शुद्ध पाठ आणि माफक किंमत ही त्यांची ओळख होती. या ग्रंथांमागे ज्या पुरुषाचे हात होते, तो मोठा पंडित नव्हता. लहानपणी तो शाळेत फारसा बसलाही नव्हता. अक्षर वाचण्याआधी अक्षर घासण्याचे काम त्याच्या वाट्याला आले होते. त्याचे नाव जावजी दादाजी चौधरी.

जावजींचा जन्म 1839 साली मुंबईत झाला. लहानपणीच पित्याचे छत्र हरपले आणि घरात दारिद्र्य आले. ज्या वयात मुलांनी पाटी-पेन्सिल हाती धरावी, त्या वयात जावजींना पोटासाठी नोकरी धरावी लागली. दहा वर्षांच्या सुमाराचे असताना ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दाखल झाले. पगार होता दरमहा दोन रुपये आणि काम होते ओतलेले खिळे घासून साफ करण्याचे.

खिळा म्हणजे छपाईसाठी धातूत ओतलेले एकेक अक्षर. तो तयार करण्याची रीत मोठी चिकाटीची होती. प्रथम कारागीर पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरी. ते पोलाद कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकले, की तांब्यात अक्षराचा खोलगट ठसा उमटे. तो ठसा साच्यात बसवून त्यात शिशाचा वितळलेला मिश्रधातू ओतला म्हणजे खिळा तयार होई. एका ठशातून हजारो खिळे निघत. शेवटी त्यांच्या कडा घासाव्या लागत. कारण एका खिळ्याची उंची केसभर जास्त झाली, तर तो कागदात रुतत असे आणि कमी झाली, तर अक्षर पुसट उठत असे. ही घासाघीस सर्वांत खालच्या दर्जाची मानली जाई. तथापि हजारो अक्षरे बोटांखालून जाता जाता प्रत्येकाचे वळण, जाडी आणि दोष जावजींच्या ध्यानी बसत गेले.

या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम नावाचे कुशल अधिकारी होते. मुंबईत देवनागरी छपाईच्या आरंभी कलकत्त्याहून खिळे आणावे लागत. ते आकाराने मोठे असत, त्यामुळे कागद पुष्कळ लागे आणि पुस्तक महाग होई. ग्रॅहॅम यांनी लहान व सुबक खिळे करण्याचा प्रयत्न चालविला होता. त्यांच्या हाताखाली जावजींना या विद्येचे धडे मिळाले. त्याच कामात राणोजी रावजी आरू हे ठसे कोरणारे कसबी कारागीर त्यांना भेटले. एकाचा हात पोलादावर चाले, तर दुसऱ्याची दृष्टी धंद्याच्या सर्व अंगांवर फिरे. या दोघांचे मैत्र जन्मभर टिकले.

देवनागरीचे खिळे करणे इंग्रजीपेक्षा कितीतरी अवघड होते. इंग्रजीत अक्षरे एका ओळीत शेजारी शेजारी बसतात. आपल्या लिपीत मात्रा आणि अनुस्वार वर जातात, उकार खाली येतो, वेलांटी अक्षराला कवेत घेते. एकाच शब्दाला जणू तीन मजले लागतात. वरची मात्रा वेगळ्या तुकड्यावर घेतली, तर जोड उघडा दिसे आणि अक्षराबाहेर झुकणारा नाजूक भाग दाबाखाली तुटे. मात्रेसकट सबंध अक्षर एकत्र ओतावे, तर खिळ्यांची संख्या बेसुमार वाढे. त्यात जोडाक्षरांची भर पडे. इंग्रजीची वर्णमाला 26 अक्षरांत संपते. संस्कृत ग्रंथ नीट छापावयाचा, तर शेकडो निरनिराळे खिळे हाताशी असावे लागत.

पुढे जावजींनी टाइम्स आणि इंदुप्रकाश यांसारख्या छापखान्यांत काम केले. पगार वाढला, अनुभवही वाढला. नोकरीत जन्म काढला असता, तर संसाराची चिंता उरली नसती. परंतु दुसऱ्याच्या कारखान्यात दुसऱ्याच्या मर्जीइतकेच अक्षर सुधारता येते, हे त्यांना कळून चुकले होते. गाठीशी मोठे भांडवल नव्हते आणि पाठीशी कोणी धनिकही नव्हता. अपयश आले असते, तर लहानपणचे दारिद्र्य पुन्हा दाराशी उभे राहिले असते. तरीही 1864 साली त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला.

राणोजींनी ठसे कोरावे आणि जावजींनी त्यांवरून खिळे ओतून घ्यावे, असा क्रम चालू झाला. कोठे गाठ जाड दिसली, कोठे काना वाकला, कोठे जोडाक्षराचे पोट भरून आले, तर ते अक्षर पुन्हा कोरले जाई. अशा तपश्चर्येतून निरनिराळ्या आकारांचे सुंदर देवनागरी खिळे निर्माण झाले. देवनागरीबरोबर गुजराती लिपीचेही खिळे या कारखान्यात होऊ लागले.

आपले उत्तम खिळे जावजींनी केवळ स्वतःच्या छपाईसाठी राखून ठेवले नाहीत. 1869 साली त्यांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. तरी इतर छापखान्यांना खिळे विकणे चालूच राहिले. ज्यांना खिळे दिले, ते उद्या आपलेच प्रतिस्पर्धी होतील, हे न समजण्याइतके ते भोळे नव्हते. तथापि चांगले अक्षर जितक्या छापखान्यांत जाईल, तितकी वाचणाऱ्यांची सोय होईल आणि धंदाही वाढेल, हे त्यांनी ओळखले होते. मुंबई वळणाचे हे खिळे देशभर गेले आणि हिंदी ग्रंथांनाही तेच रूप लाभले.

सुंदर अक्षरात अशुद्ध मजकूर छापणे म्हणजे सोन्याच्या ताटात शिळे अन्न वाढणे होय, हे जाणून जावजींनी मुद्रिते तपासण्यासाठी विद्वान शास्त्री नेमले. छापील पोथी सोवळ्यात चालते काय, अशी शंका काढणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. जावजींच्या आधी गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर मराठी पंचांग काढले, तेव्हा शाईत चरबीऐवजी तूप घातले होते, असे सांगतात. शुद्ध आणि स्वस्त ग्रंथ घरोघरी पोचू लागल्यावर ती शंका हळूहळू मावळली. 1881 साली विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक निर्णयसागरमधून निघू लागले. 1886 साली पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली ‘काव्यमाला’ सुरू झाली. जी संस्कृत काव्ये जुन्या हस्तलिखितांत कसरीच्या तोंडी पडली असती, ती या मालेमुळे वाचली.

5 एप्रिल 1892 रोजी जावजी दादाजी निवर्तले. त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी कार्य पुढे चालविले.

आज शिशाचे खिळे छापखान्यांतून गेले आहेत. संगणकावर एकाच अक्षरसंचात देवनागरी, गुजराती, तमिळ, अरबी अशा कित्येक लिप्या सामावतात आणि असे काही संच कोणालाही विनामूल्य घेता येतात. र. कृ. जोशी यांच्यासारख्या मराठी कलावंताने रेखाटलेली अक्षरे जगभरच्या संगणकांत जाऊन बसली. तरी मात्रा कोठे बसवावी, जोडाक्षर लहान आकारातही स्पष्ट कसे दिसावे, हे प्रश्न जुनेच आहेत. या प्रश्नांशी दोन रुपयांच्या पगारावर झुंजू लागलेल्या त्या मुलाचे ऋण प्रत्येक छापील ओळीवर आहे. डोळ्यांना त्रास न होता आपण ती वाचतो, म्हणून ते सहसा आपल्या ध्यानी येत नाही.