आईसाठी माहीमला राहिलेले मखदूम

रमजानमध्ये मिरकरवाड्यात किंवा राजिवड्यात इफ्तारचा दस्तरखान मांडला, की कुवेत-दुबईला असलेल्या मुलाची आठवण निघतेच. पोटासाठी मुलगा परमुलखात आणि घरी आई एकटी, ही रत्नागिरीच्या कोकणी मुस्लिम घरांची जुनीच कहाणी आहे. सहाशे वर्षांपूर्वी असाच पेच एका मुलापुढे उभा राहिला होता. त्याला पोटासाठी नव्हे, इल्मसाठी घर सोडायचे होते. कोकणाने पुढे त्याला कुतुब-ए-कोकण म्हटले. ते म्हणजे हजरत मखदूम फकीह अली माहिमी (रह.).

त्यांचा जन्म १३७२ च्या सुमारास माहीम येथे झाला. घराणे नवायत. इराकचा सुभेदार हज्जाज बिन युसुफ याच्या जुलमामुळे आपले पूर्वज अरब मुलूख सोडून गलबतांनी या किनाऱ्याला लागले, अशी नवायतांची परंपरा सांगते. वडील शेख अहमद आलिम होते. आई फातिमा या नाखुद्याच्या घरातल्या. नाखुदा म्हणजे आपल्या बंदरावरचा नाखवाच. अलींचे पहिले धडे वडिलांपाशीच झाले, पण लहान वयातच वडिलांचे छत्र हरपले. मग घर आणि मुलगा, दोन्ही आईनेच सांभाळले.

या मायलेकरांची एक गोष्ट कोकणात घरोघरी सांगितली जाते. एका रात्री आईने पाणी मागितले. अली पेला भरून आले, तोवर आईचा डोळा लागला होता. उठवावे तर झोपमोड, ठेवून जावे तर जाग आल्यावर पाणी द्यायला कोणी नाही. मुलगा पेला धरून उशाशी उभा राहिला. फजरच्या सुमारास आईने डोळे उघडले, तेव्हाही तो तिथेच होता. आईने हात उचलून दुआ केली. मखदूमसाहेबांना जे मिळाले ते त्या दुआमुळे, असे भाविक मानतात.

पण खरी कसोटी नंतर आली. दूर देशी जाऊन मोठ्या उस्तादांपाशी शिकावे, अशी त्यांना ओढ होती. आईला हा विरह सोसवेना. शिकण्याची भूक असलेल्या तरुणाला यापेक्षा कठीण पेच कोणता? ते थांबले. त्यानंतर समुद्रकिनारी हजरत खिज्र त्यांना शिकवायला येत, अशी आख्यायिका आहे. ती श्रद्धेची बाब. एवढे मात्र खरे, की माहीम हे बंदर होते, अरब मुलखाशी तिथून ये-जा होती आणि त्या बेटावर राहूनच हा मुलगा अरबीचा थोर पंडित झाला.

ते फकीह झाले, लोकांचे तंटे शरियतप्रमाणे सोडवू लागले. इब्न अरबींच्या विचारांवर अनेक उलेमांचा रोष असताना मखदूमसाहेबांनी त्यांच्या ‘फुसूस-उल-हिकम’वर भाष्य लिहिले. त्यांची अरबी तफसीर ‘तबसीर-उर-रहमान’ भारतात लिहिलेल्या सुरुवातीच्या तफसीरींपैकी एक. एका आयतीचा पुढच्या आयतीशी धागा कसा जुळतो, हे ती दाखवते. प्रत्येक सुरहच्या आरंभीच्या बिस्मिल्लाहचा अर्थही त्यांनी त्या त्या सुरहच्या आशयानुसार वेगळा उलगडला आहे. तरावीहमध्ये रोज बिस्मिल्लाह ऐकणाऱ्याने यावर क्षणभर थांबावे. ही तफसीर पुढे एकोणिसाव्या शतकात कैरोजवळच्या बुलाक छापखान्यात छापली गेली. ज्या मुलाला अरब मुलखात शिकायला जाता आले नाही, त्याचा ग्रंथ तिथे पोहोचला.

अखेरच्या काळात माहीमसाठी बहमनी आणि गुजरातच्या सुलतानांत लढाई झाली. बेट एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेले आणि परत आले. त्यानंतर लवकरच, १४३१ च्या सुमारास, मखदूमसाहेबांचे निधन झाले.

माहीमच्या दर्ग्यात डिसेंबरमध्ये दहा दिवस उरूस भरतो आणि पहिल्या संदलचा मान मुंबई पोलिसांकडे असतो. रत्नागिरी, चिपळूण, दापोलीहून माणसे जातात. मजारीशी फातिहा पढून ती शेजारच्या कबरीपाशीही थांबतात. तिथे आई फातिमा विसावल्या आहेत.