मातीचा अभ्यासक : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

बुद्धिमान विद्यार्थी आणि उच्च शिक्षण यांच्यामध्ये नेहमी एक प्रश्न उभा असतो : खर्च कोणी करायचा? १९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी शिष्यवृत्ती दिली, म्हणून बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले, हे आपण सारे जाणतो. त्याच अमेरिकेत, त्याआधी सुमारे वीस वर्षे, गुलामगिरीत जन्मलेला एक तरुण याच प्रश्नाशी झुंजत होता.

जॉर्ज कार्व्हरचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसूरी राज्यात झाला. तान्हेपणीच दरोडेखोरांनी त्याला आईसह पळवून नेले. मूल परत मिळाले. आई कायमची हरवली. कॅन्सासमधील एका महाविद्यालयाने त्याला पत्राने प्रवेश कळविला. पण तो दारात उभा राहताच कातडीचा रंग पाहून नाकारला. अखेर १८९० मध्ये तो आयोवातील सिम्प्सन महाविद्यालयात दाखल झाला आणि लोकांचे कपडे धुऊन पोट भरू लागला. १८९१ मध्ये तो एम्स येथील कृषी महाविद्यालयाचा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी झाला. १८९४ मध्ये पदवी मिळाल्यावर त्याचे शिक्षण तेथेच थांबले असते. परंतु प्राध्यापकांनी त्याला वनस्पतिशास्त्राचा साहाय्यक नेमून हरितगृह सोपविले. त्या नोकरीच्या आधारावर १८९६ मध्ये तो एम. एस. झाला. हात गुणवंताला मिळाला, तोही वेळेवर.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या निमंत्रणावरून कार्व्हर अलाबामातील टस्कीगी संस्थेत आले. सततच्या कापसाने तेथील जमीन निःसत्त्व झाली होती. संशोधनाच्या पैशाची वाटणीही वर्णभेदाचीच होती. संघराज्य सरकारकडून राज्याच्या संशोधन केंद्रास वर्षाला १५,००० डॉलर मिळत आणि ते गोऱ्यांच्या महाविद्यालयाकडे जात. टस्कीगीच्या केंद्रास राज्याने १८९७ मध्ये मंजूर केले ते अवघे १,५०० डॉलर. कार्व्हर यांनी टाकाऊ बाटल्या व डबे गोळा करून प्रयोगशाळा उभारली.

गरीब शेतकऱ्यास विकतचे खत परवडत नाही, हे ते ओळखून होते. म्हणून रानातील पालापाचोळा आणि दलदलीतील गाळ यांचे खत, तसेच कापसाच्या फेरपालटीत चवळी, भुईमूग व रताळी, असा मार्ग त्यांनी सांगितला. चवळी-भुईमुगाच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीला देतात, हे त्यामागील शास्त्र. ते त्यांनी सोप्या भाषेतील पत्रिकांतून मांडले. १९०६ मध्ये न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या देणगीतून तयार झालेली गाडी हे ज्ञान बांधावर घेऊन गेली.

पगारवाढीची हाव त्यांनी कधी धरली नाही. साधे राहून साठविलेली पुंजी त्यांनी १९४० मध्ये संशोधनासाठी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानास दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर हे दान सुमारे ६०,००० डॉलरवर पोहोचले होते. ज्याने शिक्षणासाठी कपडे धुतले, त्याने पुढच्या संशोधकांसाठी निधी ठेवला.

आमच्या वसतिगृहातील मुले-मुली शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, तेव्हा ती भीक मागत नाहीत; हक्क बजावतात. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे. आज माती, पाणी व हवा यांच्या संशोधनाची गरज कोरडवाहू गावांनाच सर्वाधिक आहे. तेव्हा त्या गावांतील लेकरांनीच एम. एस्सी., पीएच. डी.पर्यंत जावे आणि मिळवते झाल्यावर आणखी एकाच्या शिक्षणाचा भार उचलावा, हीच कार्व्हर यांना आमची आदरांजली.