पेनलेस पार्कर

पेनलेस पार्कर (मूळ नाव : एडगर पार्कर; जन्म : १८७२, न्यू ब्रन्सविक, कॅनडा; मृत्यू : १९५२) हे अमेरिकेत गाजलेले दंतवैद्य होते. त्या देशात दंतवैद्यकाचा परवाना प्रत्येक राज्य आपापल्या कायद्यानुसार देते. कॅलिफोर्नियातील या नियमांशी पार्कर यांचा दीर्घकाळ झगडा चालला.

फिलाडेल्फिया डेंटल कॉलेजातून १८९२ मध्ये पदवी घेतल्यावर रुग्ण त्यांच्याकडे फिरकेनात. जाहिरात करणे या व्यवसायात हीन मानले जाई. पार्कर यांनी तो संकेत झुगारला आणि बँड सोबत घेऊन ते भर रस्त्यात दात काढू लागले. दर दाताला ५० सेंट. दुखल्यास उलट ५ डॉलर देण्याची हमी. हिरडी कोकेनच्या द्रावणाने बधिर केली जाई. त्याचा गुण न आल्यास रुग्णाची किंकाळी वाद्यांच्या गजरात विरून जाई.

‘पेनलेस’ म्हणजे वेदनारहित. दंतवैद्याने स्वतःच्या खऱ्या नावानेच व्यवसाय करावा, या कॅलिफोर्नियाच्या नियमात हे बिरुद अडकले. तेव्हा १९१५ मध्ये पार्कर यांनी कायदेशीररीत्या आपले नावच ‘पेनलेस’ करून घेतले. नियमाचा शब्द पाळला गेला, हेतू मात्र हुकला. पुढे त्यांनी दवाखान्यांची साखळी कंपनीच्या नावे उभारली. येथे मात्र युक्ती चालली नाही : दंतवैद्यक परवानाधारक व्यक्तीनेच करावे, कंपनीला ते करता येणार नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३२ मध्ये ठरवले. अल्प दरामुळे गरीब रुग्णांना त्यांचा आधार वाटे, हेही नोंदवणे न्याय्य ठरेल.

एका दिवसात ३५७ दात काढल्याचा त्यांचा दावा होता. त्या दातांची माळ फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठाच्या दंतवैद्यक संग्रहालयात आहे.