शिक्षकांचे शिक्षण

शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यक्त केली आहे. हे तास कशासाठी, हे समजून घ्यायचे तर ताराबाई मोडक यांचे चरित्र पाहावे.

१८९२ साली जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये बी. ए. झाल्या आणि पुढे राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. शिक्षिका घडविण्याचे हे मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या आणि बालशिक्षणाचे धडे नव्याने गिरवू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, हे पाहून अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मॉंटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांची जागा शिंपले, बिया, पाने यांनी घेतली. १९५७ पासून कोसबाड हे कार्यक्षेत्र झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या.

ताराबाईंच्या या शिकण्यामागे कोणतीही सक्ती नव्हती. समोरच्या मुलाची अडचण हाच त्यांचा अभ्यासक्रम होता. नियमाची आवश्यकता नाकारता येणार नाही. परंतु ५० तासांची नोंद हजेरीपटावर झाली आणि वर्गातील अडचण तशीच राहिली, तर शिक्षकाचा वेळ व सरकारचा पैसा दोन्ही वाया गेले, असेच म्हणावे लागेल.