नांगरटीचे बैल आणि रोझा बोनर

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात १३३ सेंटिमीटर उंच आणि २६० सेंटिमीटर रुंद असे एक तैलचित्र आहे. शरद ऋतूतील स्वच्छ ऊन, मागे झाडीची टेकडी आणि शेतात दोन नांगर ओढणारे बारा धष्टपुष्ट बैल. माणसे बैलांच्या आड जवळजवळ झाकली गेली आहेत. एका बैलाचा डोळा मात्र थेट आपल्याकडे वळलेला आहे. ‘निव्हर्ने प्रांतातील नांगरट’ हे चित्र १८४९ मध्ये पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तेथील सरकारमान्य प्रदर्शनात, मांडले गेले, तेव्हा ते काढणारी रोझा बोनर अवघी सत्तावीस वर्षांची होती.

१६ मार्च १८२२ रोजी बोर्दो येथे जन्मलेली ही मुलगी अक्षरओळखीला कंटाळे. आईने तोड काढली: प्रत्येक अक्षराशेजारी त्या अक्षराचा एक प्राणी काढायचा. वडील रेमों चित्रकार होते. स्त्री-पुरुष समतेचा पुरस्कार करणाऱ्या सेंट-सायमन पंथाचे अनुयायी. पंथाच्या पायी त्यांनी संसार वाऱ्यावर सोडला आणि शिकवण्या, शिवणकाम करीत झिजलेली आई १८३३ मध्ये गेली. समतेच्या त्या तत्त्वज्ञानाची किंमत घरातल्या स्त्रीनेच मोजली, हे नजरेआड करता येत नाही. पुढे मुलीच्या हाती कुंचला दिला तोही याच वडिलांनी.

पॅरिसच्या सरकारी कलाशाळेची दारे स्त्रियांना १८९७ पर्यंत बंद होती. रोझाने आपली शाळा अन्यत्र शोधली. लूव्रमध्ये जुन्या चित्रांच्या नकला केल्या आणि मग ती थेट कत्तलखान्यात जाऊन बसली. रक्ताच्या थारोळ्यात, खाटकांच्या टोमण्यांत, स्नायू हाडाला कोठे जुळतो हे तिने पाहून घेतले. गुरांच्या बाजारात घागरा आड येई, म्हणून ती पुरुषी पोशाख करू लागली. त्यासाठी पोलिसांकडून सहा-सहा महिन्यांचा परवाना काढावा लागे.

१८४८ मध्ये सुवर्णपदक मिळाले आणि नव्या प्रजासत्ताकाने तीन हजार फ्रँकला नांगरटीचे चित्र सांगितले. नेमक्या त्याच काळात, १८४९ च्या मार्चमध्ये, वडील वारले.

काळ्या रानातला सहा-आठ बैली नांगर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र परके वाटू नये. तेथील बैलांना वशिंड नाही, एवढाच काय तो फरक. पुढच्या पायावर आलेला भार, गळ्याच्या पोळीच्या घड्या, जुवाखाली ताणलेली मान यांत कोठेही अंदाजपंचे काम नाही. हिवाळ्यापूर्वी जमीन मोकळी करण्याची ही पहिली नांगरट. चित्राचा पुढचा सारा भाग उलटलेल्या ढेकळांनी व्यापला आहे आणि माझ्या मते बैलांइतकीच मेहनत या मातीवर घेतली आहे. आकाश मुद्दाम साधे ठेवले आहे. त्यामुळे पांढरट पाठींवरचे ऊन उठून दिसते.

कीर्ती मात्र १८५३ च्या ‘घोडेबाजार’ या पाच मीटर रुंद चित्राने दिगंत नेली. ते आज न्यूयॉर्कला आहे. त्या कमाईतून तिने फोंतेनब्लोच्या अरण्याजवळ बी या गावी वाडा घेतला. बालमैत्रीण नाताली मिका जन्मभर सोबत होती. मेंढ्या, घोडे, पुढे तर सिंहही पाळले. १८६५ मध्ये सम्राट परदेशी असताना राज्यकारभार पाहणारी सम्राज्ञी युजेनी स्वतः तेथे आली आणि ‘लेजियों द ओनर’ हा मान देऊन गेली. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री चित्रकार.

तिची चित्रे इंग्लंड-अमेरिकेत विकली जात राहिली. फ्रान्समधील अभिरुची मात्र दृक्प्रत्ययवाद्यांकडे वळली होती. २५ मे १८९९ रोजी बी येथे तिचे निधन झाले. पुढच्या वर्षी तिच्या चित्रशाळेतील दोन हजारांहून अधिक कलाकृतींचा लिलाव झाला. त्यांत आयुष्यभर स्वतःजवळच ठेवलेले अभ्यास होते: बैलांची डोकी, खूर, पाठी, आणि नुसत्या रानाचे तुकडे.