जंतुभक्षकांचे शोधक फेलिक्स देरेल

पटकीच्या सांथींत विहिरींत जांभळी पूड टाकीत, हें आमच्या नगर जिल्ह्यांतील वृद्ध मंडळींना ठाऊक असेल. हा उपाय प्रचारांत आणणारे आग्र्याचे हँकिन यांनींच १८९६ सालीं असें दाखविलें कीं, गंगायमुनांच्या पाण्यांत पटकीचे जंतु लवकर मरतात, पण पाणी उकळल्यास हा गुण नाहींसा होतो. त्या गुणाचें बहुधा खरें कारण ज्यांनीं जगापुढें आणलें, ते फेलिक्स देरेल.

त्यांचा जन्म १८७३ सालीं पॅरिस येथें झाला. वैद्यकाची पदवी त्यांनीं घेतली नव्हती. विद्या आली ती वाचून व हातानें प्रयोग करून. मेक्सिकोंत टोळांच्या रोगाचा अभ्यास करतांना जंतूंच्या थरांत त्यांस लहान स्वच्छ ठिपके दिसले. पहिल्या महायुद्धांत पॅरिसजवळील सैनिकांत रक्ती आंव पसरली, तेव्हां रोग्यांच्या मलाचा गाळलेला अर्क जंतूंवर घालतांच गढूळ नळी एका रात्रींत नितळ झाली. जंतूंनाहि खाणारा अतिसूक्ष्म जीव आहे, असें त्यांनीं १९१७ सालीं जाहीर केलें. इंग्लंडांत ट्वॉर्ट यांस १९१५ सालींच असें कांहीं आढळलें होतें. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं.

१९१९ सालीं आंवेच्या रोगी मुलास औषध देण्यापूर्वीं देरेल यांनीं तें स्वतः पिऊन पाहिलें. मुलगा बरा झाला. १९२७ सालीं ते हिंदुस्थानांत आले आणि पटकीच्या रोग्यांबरोबर पंजाबांतील विहिरींनाहि त्यांनीं हें औषध दिलें.

परंतु एवढ्या धीट मनुष्यास एक हट्ट नडला. सर्व जंतुभक्षक एकाच जातीचे, असें ते धरून बसले. पाटण्यास अशेशोव्ह यांनीं व ऑस्ट्रेलियांत बर्नेट यांनीं निरनिराळे प्रकार वेगळे काढून दाखविले, तरी त्यांचें मत पालटलें नाहीं. ही केवळ पंडितांची हारजीत नव्हे. जात एकच असेल तर तिला हवी ती संवय लावतां येईल. जाती अनेक असतील तर रोग्याच्या जंतूस लागू पडणारा भक्षक आधीं शोधावा लागतो, नाहीं तर बाटलींतील औषध आणि पाणी सारखेंच.

देरेल २२ फेब्रुवारी १९४९ रोजीं पॅरिस येथें वारले. १९७७ सालीं सँगर यांनीं एका जंतुभक्षकाचा वंशलेख वाचला, तो सुमारें ५,४०० अक्षरांचा निघाला. टी-४ नांवाच्या दुसऱ्याचा १,६९,००० अक्षरांच्या आसपास आहे, आणि कांहींचा तर डीएनएचा नसून आरएनएचा असतो. एकाच जातीचें मत येथें टिकेल कसें? देरेल यांचे मित्र एलियावा यांस १९३७ सालीं सोव्हिएत सत्तेनें ठार केलें. पण त्यांनीं १९२३ सालीं तिबिलिसी येथें स्थापिलेल्या संस्थेंत, कोणत्या रोग्याच्या जंतूस कोणता भक्षक लागू पडतो, हें ताडून पाहण्याचें काम आजहि चालतें.